रीजंट्स पार्कातलं अनातेव्का

बेकर स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की बहुतेक पर्यटक शेरलॉक होम्सच्या म्युझियमची वाट धरतात. मी आणि माझी भाची यॉर्क गेटमधून रीजंट्स पार्कात शिरलो, तळ्यावरचा पूल ओलांडला आणि गुलाबांच्या बागेच्या कडेकडेने ओपन एअर थिएटरला पोचलो. १९३२ पासून इथे उन्हाळ्यात झाडांच्या गराड्यात, उघड्या आभाळाखाली नाटकं होतात. बाराशेहून अधिक माणसं मावतात, पण डोक्यावर छप्पर नाही. लंडनच्या ऑगस्टचा काही भरवसा नसतो, म्हणून लोक शाली आणि रेनकोट घेऊनच येतात. त्या संध्याकाळी मात्र आभाळ स्वच्छ होतं. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात इथे 'फिडलर ऑन द रूफ' (छपरावरचा व्हायोलिनवादक) हे संगीत नाटक नव्याने उभं केलं होतं, आणि लंडनला यायचं ठरल्यावर मी सगळ्यांत आधी काढलं ते याचं तिकीट.

मूळ नाटक २२ सप्टेंबर १९६४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. जेरी बॉक यांचं संगीत, शेल्डन हार्निक यांची गाणी, जोसेफ स्टाइन यांची संहिता आणि जेरोम रॉबिन्स यांचं दिग्दर्शन. ३,२४२ प्रयोग झाले; तीन हजारांचा टप्पा ओलांडणारं ब्रॉडवेवरचं ते पहिलं संगीत नाटक. कथा शोलेम अलेखेम यांच्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, गोष्टींमधली. झारच्या रशियात, आजच्या युक्रेनमध्ये असावं अशा अनातेव्का नावाच्या काल्पनिक गावात टेव्ये हा दूधवाला राहतो. बायको गोल्डे, पाच मुली आणि एक लंगडणारा घोडा. साल १९०५. ज्यूंनी कुठे राहायचं हे सरकार ठरवतं, आणि दंगल कधी पेटेल ते कोणालाच सांगता येत नाही.

नाटक सुरू झालं ते लख्ख उजेडात. टॉम स्कट यांच्या नेपथ्यात ना घर होतं, ना खिडकी, ना दुधाच्या बरण्यांची रांग. होतं फक्त गव्हाचं पिवळं शेत. बघता बघता त्या शेताचाच एक मोठा पट्टा जमिनीपासून सुटून वर उचलला गेला, गावावर छपरासारखा तरंगत राहिला, आणि त्याच्यावर व्हायोलिनवादक उभा! पायाखालची जमीन हेच या माणसांचं छप्पर, आणि ती जमीनही त्यांची नाही. हे एका वाक्याचाही आधार न घेता पहिल्या मिनिटाला कळलं. दिग्दर्शक जॉर्डन फाइन यांच्याबद्दलचा माझा आदर तिथेच पक्का झाला.

ॲडम डॅनहायसर यांचा टेव्ये मला फार आवडला. ही भूमिका गडगडाटी आवाजात, हात पसरून करायची सवय अनेकांना लागलेली आहे. हा टेव्ये शेजारच्या घरातला वाटतो. देवाशी बोलताना तो वर बघून ओरडत नाही, रोज भेटणाऱ्या माणसाशी बोलावं तसा बोलतो. श्रीमंत असतो तर काय केलं असतं, हे त्याचं गाणं जगभर गाजलं ते त्यातल्या गमतीमुळे. पण त्यात मोठ्या घराच्या आणि कोंबड्या-बदकांच्या स्वप्नानंतर शेवटची इच्छा येते ती सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बसून विद्वानांबरोबर रोज सात तास धर्मग्रंथांवर बोलायला मिळावं ही. पैसा हवा तो वेळ मिळावा म्हणून. डॅनहायसर त्या ओळींपाशी आवाज खाली आणतात, तेव्हा दिवसभर गाडी ओढून दमलेला माणूस दिसतो.

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस. त्याच्या प्रार्थनेचा प्रवेश आला तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. गोल्डे आणि मुली मेणबत्त्या लावतात, आणि मुलींचं रक्षण कर, त्यांना चांगले नवरे मिळोत असं मागणं गाण्यातून मागतात. बंदिस्त नाट्यगृहात हा अंधार दिव्यांनी करावा लागतो. इथे तो खरोखरच उतरत होता. शब्बाथ आदल्या संध्याकाळी सूर्यास्तालाच लागतो, त्यामुळे नाटकातली वेळ आणि आमची वेळ एक झाली.

मी अलिबागची. तिथल्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, आमच्या भागात शनिवार तेली म्हणत हे मी लहानपणापासून ऐकलेलं. १९४८ नंतर त्यांच्यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण त्यांना कोकणातून कोणी हाकललं नव्हतं. अनातेव्काच्या लोकांना तीन दिवसांत गाव सोडायचा हुकूम येतो. एकाच धर्माच्या, एकच शब्बाथ पाळणाऱ्या दोन समाजांच्या वाट्याला शेजारी किती वेगवेगळे आले, हे त्या मेणबत्त्यांकडे बघताना मनातून जाईना.

थोरली झायटल गरीब शिंप्याशी लग्न करते. त्यासाठी बायकोला पटवायला टेव्ये रचतो त्या स्वप्नाचा प्रवेश मला जरा लांबलेला वाटला. लग्नातला बाटल्यांचा नाच मात्र अप्रतिम. टोप्यांवर बाटल्या तोलत, हातात हात गुंफून पुरुष गुडघ्यांवर सरकत जातात आणि सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बघतं. रॉबिन्स यांनी न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यूंच्या लग्नांना जाऊन नाच पाहिले होते, त्यातून हा सुचलेला. त्याच लग्नात दंगल घुसते, आहेर उधळले जातात आणि मध्यंतर होतं. आजूबाजूचे लोक बराच वेळ उठलेच नाहीत.

दुसरी, होडल, एका क्रांतिकारकाच्या मागे सैबेरियाला निघते. ती वडिलांकडे परवानगी मागत नाही, फक्त आशीर्वाद मागते. टेव्ये दोन्ही देतो. मग घरी येऊन तो गोल्डेला विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. लारा पल्व्हर यांची गोल्डे आधी वैतागते, मग कपडे धुतले, स्वयंपाक केला, मुली वाढवल्या हा हिशेब मांडत मांडत उत्तरापर्यंत येते. भाचीने माझा हात धरला होता.

आणि मग हावा. तिसरी, पुस्तकांत रमणारी. ती ख्रिश्चन फ्येद्काशी लग्न करते, आणि इथे टेव्येचं वाकणं संपतं. तो तिला मेलेली मानतो. लोक या नाटकाची आठवण लग्नाच्या गाण्यावरून काढतात. माझ्या मते त्याचा प्राण इथे आहे. दोनदा मन मोठं केलेला प्रेमळ बाप तिसऱ्यांदा का अडतो? रोज ज्याच्या जमातीकडून मार खायचा, त्याच्या घरी मुलगी द्यायची, हे त्याला पेलत नाही. आणि हावाचंही काही चुकलेलं नाही. नाटक कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून ते इतकं दुखतं. फाइन यांनी हॅना ब्रिस्टो यांच्या हावाच्या हाती क्लॅरिनेट दिली आहे. घराने टाकलेली ही मुलगी तिच्यावर अनातेव्काचेच सूर वाजवते आणि व्हायोलिन तिला साथ देतं.

शेवटी गाव रिकामं होतं. टेव्ये अमेरिकेला जाणार. झायटल नवऱ्याबरोबर पैसे साठेपर्यंत पोलंडमध्ये राहणार, हावा आणि फ्येद्का तिथल्याच क्राकावला. १९०५ मध्ये ही नुसती ठिकाणांची नावं होती. पुढे पोलंडमधल्या ज्यूंचं काय झालं ते माहीत असलेल्या प्रेक्षकांना ती ऐकवत नाहीत. हावा निरोपाला येते तेव्हा टेव्ये तिच्याशी बोलत नाही. देव तुमच्याबरोबर असो, एवढं झायटलला पुटपुटून सांगतो, म्हणजे ते हावापर्यंत पोचेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम ब्रिक लेनला गेलो. १८८१ नंतर रशियातल्या दंगलींपासून पळालेले असंख्य ज्यू याच व्हाइटचॅपल-स्पिटलफील्ड्स भागात उतरले. फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची विटांची इमारत १७४३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांनी प्रार्थनेसाठी बांधली, १८९८ मध्ये तिथे सिनेगॉग आलं, आणि १९७६ पासून बांगलादेशी वस्तीची मशीद आहे. रस्त्याच्या वरच्या टोकाला बेगलची, म्हणजे ज्यूंच्या कड्यासारख्या गोल पावाची, जुनी दुकानं अजून रात्रंदिवस चालू असतात. आम्ही खारवलेल्या बीफऐवजी क्रीम चीजचं बेगल घेतलं आणि पदपथावर उभं राहून खाल्लं.

हाच प्रयोग २०२५ मध्ये लंडनच्याच बार्बिकन नाट्यगृहात गेला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित संगीत नाटकाचं ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीचं मानाचं पारितोषिक मिळालं. दरम्यान मी मूळ गोष्टी इंग्रजीतून वाचून काढल्या. त्या कितीतरी कठोर आहेत. त्यांत गोल्डे मरते, शिंपी मोटल मरतो. पण टेव्येला गाव सोडावं लागतं त्या गोष्टीत हावा घरी परत येते. ब्रॉडवेच्या संहितेने तिला वाटेवरच सोडून दिलं होतं. फाइन यांनी संवाद न बदलता, क्लॅरिनेट हाती देऊन तिला घरच्यांत परत उभं केलं, आणि मला वाटतं शोलेम अलेखेम यांना ते पटलं असतं.