तंबोऱ्यातला आवाज कुठं असतो?

मिरजेत तंबोरे घडवणारे पुष्कळ, जवारी लावणारे, म्हणजे तारेच्या आवाजात गुंजणारी झणझण आणणारे हात मात्र मोजके. माझं काम तेच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले. पण जवारी शिकायला नवा पोरगा येत नाही.

परवा पुण्यात गाणं शिकणारी एक जपानी मुलगी मुका पडलेला तंबोरा घेऊन आली. भोपळा पंढरपूरकडचा, निरोगी. दांडी सरळ, तारा नव्या. दुखणं घोडीत होतं, तारा ज्या हाडावर टेकतात त्यात. कुणीतरी मशीन फिरवून हाडाचा माथा पाटासारखा सपाट करून ठेवलेला. असलं काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. माथ्याला पुसट उतार लागतो, थरथरणारी तार त्याला निसटता स्पर्श करत राहील एवढाच. कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायची, सुरात घ्यायची, खालचा सुती धागा केसभर सरकवत ऐकायचं, की पुन्हा तार उतरवायची. षड्जाच्या दोन तारांच्या जोडीनंच दुपार खाल्ली.

ती म्हणाली, "उस्ताद, आमच्याकडं शामिसेन नावाचं तारांचं वाद्य आहे, त्याची सगळ्यात जाड तार वरच्या टोकाला मुद्दाम दांडीला टेकवतात. ती झणझण हवीच असते." मी कानस खाली ठेवली. गिटारवाले हीच झणझण दोष म्हणून काढून घेतात.

बाकावर एक निवृत्त गुरुजी बसले होते, पाली भाषेचे अभ्यासक. त्यांनी बुद्धानं सांगितलेली गोष्ट काढली. एका राजाला वीणेचा आवाज आवडला. वीणा नको, तो आवाजच आणा, म्हणाला. मग वीणा फोडली, तुकड्यांचे तुकडे केले, जाळून राख उडवली. आवाज कुठंच सापडला नाही. मुलीला लगेच अकराव्या शतकातला चिनी कवी सू शी आठवला. तो विचारतो: आवाज वाद्यात असेल तर पेटीत ठेवल्यावर का वाजत नाही? बोटात असेल तर बोटालाच कान लावून का ऐकत नाही?

आमचे अब्बा एवढंच म्हणायचे, तार बोलत नाही, हाड बोलत नाही, टेकणं बोलतं.

मी खूश झालो, पण गुरुजी थांबेनात. "भाई, गोष्ट वीणेची नाहीच. माणूस असाच सुटा करून बघितला तर 'मी' सापडत नाही, हे सांगायचंय." तंबोऱ्यापुरतं मला पटलं. माझ्यापुरतं पटत नाही. कानस कुठं थांबवायची हे कुणीतरी ठरवतं ना? "हात, कान, कानस, अब्बांनी लावलेली सवय," गुरुजी म्हणाले, "ह्यातून ठरवणारा वेगळा काढून दाखव."

संध्याकाळी जवारी खुलली, मुलगी तंबोरा घेऊन गेली. मी रूह, म्हणजे आत्मा मानणारा माणूस, त्यामुळं गुरुजींचं म्हणणं सहज गिळवत नाही. पण तेव्हापासून घोडीच्या कामाला बसलो की त्या ठरवणाऱ्याला शोधत असतो. गुरुजींचा तंबोरा माझ्याकडंच आहे. न्यायला येतील तेव्हा विचारणार आहे: चांगली जवारी कोणती, हे अब्बांच्या आणि त्या शामिसेनवाल्यांच्या कानाला एकमेकांना न भेटता कसं कळलं?