तुम्ही विचारलंत म्हणून: कोक उरतोच कशाला?

‘रेसिड्यूचं डिझेल करता म्हणता, मग एवढा कोक वाया का घालवता?’ रिफायनरीत कोकरवर काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. कोकर म्हणजे कच्च्या तेलाचा तळाला उरलेला जड भाग, रेसिड्यू, तापवून फोडणारं युनिट; त्यातून डिझेलसारखं हलकं तेल निघतं आणि कोळशासारखा घन कोक उरतो.

वाया घालवत नाही हो. डिझेलमध्ये एका कार्बनमागे जवळजवळ दोन हायड्रोजन असतात, रेसिड्यूत, म्हणजे व्हॅक्यूम टॉवरच्या तळच्या मालात, दीडच्या आसपास. बाहेरून हायड्रोजन द्यायचा नसेल तर आहे तोच वाटून घ्यावा लागतो. ज्याला मिळाला तो हलका होऊन वर जातो, ज्याचा गेला त्याचा कोक होतो. शंभर टनांमागे वीस-तीस टन. निकेल, व्हॅनेडियमही त्यातच अडकतात, नाहीतर पुढच्या युनिटांतले कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) त्यांनी मारले असते.

पण मीही तुमच्यासारखाच बोलायचो. कोक साचायला दोन मोठे ड्रम, एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा करायचा. चोवीस तासांची सायकल अठरावर आणा, जास्त रेसिड्यू मार्गी लागेल, हा हट्ट माझाच. वेळ कापला तो वाफ देण्यातून आणि पाणी सोडून ड्रम थंड करण्यातून.

त्या रात्री शिफ्ट माझी होती. पाणी काढून टाकलेलं, तापमान बरोबर, सही केली. तेव्हा ड्रमचं खालचं झाकण माणसं जाऊन उघडत. आत शॉट कोक झाला होता, सुटे गोळेच गोळे. थंड करायचं पाणी बरंचसं मधल्या वाटांनी निघून गेलं होतं आणि बाजूचे ढीग तसेच धगधगत राहिले होते. झाकण सुटलं आणि गोळ्यांसकट आत अडकलेलं उकळतं पाणी खाली आलं. माझा सहकारी मागे सरला, पण गमबूट पाण्याने भरला होता. तो काढता येईना. आम्ही दोघं ओढत होतो आणि तो ‘कापा, कापा’ म्हणत होता. शेवटी चाकूने वरपासून खालपर्यंत चिरला. मोजाही कापडासारखा निघाला नाही.

शॉट कोक आधी ओळखणं सोपं नसतं, हे खरं आहे. चौकशीतही मी हेच सांगितलं. पण आणखी दोन तास पाणी दिलं असतं तर? ते दोन तास मीच काढून घेतले होते.

तो वाचला. कामावर परतला नाही. आता खालचा व्हॉल्व्ह लांबून चालवतात, तिथे कुणी उभं राहत नाही. सायकल मात्र अठराचीच आहे. ती वाढवा असं मी अजून एकदाही लिहून दिलेलं नाही, कारण कागदावर माझा हिशेब आजही बरोबर येतो.