ह्यांचा रुमाल

पावणेबारा वाजले. डोळ्याला डोळा लागंना, म्हणून उठून लिहायला बसले.

दुपारी नातवावर ओरडले मी. नुसती ओरडले नाही, त्याच्या डोक्यावरचा रुमाल हिसकून घेतला. तो रडलाही नाही, बघत राहिला. रडला असता तर बरं झालं असतं.

तिकडं लेकाच्या घरी बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर 'लेट्स प्ले' आहे ना, 2012 सालचा. थोरल्या नातीनंही तोच बघितला, आता हा बघतो. सिड आणि रिबेका, चांगली मोठी माणसं, वेश चढवतात आणि त्या वेशाचीच होऊन खेळतात. मला आवडतो. सुगी झाली की आमच्या गावात सोंगं घेणारा रायरंद यायचा, त्याची आठवण होते. पोलिसाची टोपी घालून दारात उभा, "चला ठाण्यात!" दादा म्हणायचे, अगं, सोंग आहे. कळायचं मला, तरी मायच्या पदराआड लपायचे. आणि मग पसाभर ज्वारी त्याच्या झोळीत घालायला मीच पुढं.

दुपारी ट्रंक उघडी राहिली. पाणी भरून आत आले तर हा खुर्चीत. गुलाबी रुमाल कानांवर उतरलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, पापणी लवत नाही.

"काय करायलास रे?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं तेव्हा ओठ न हलवता म्हणाला, "मी आजोबा. आजोबा हलत नाहीत."

भिंतीवरचा फोटो. अंबाजोगाईच्या स्टुडिओत काढलेला. फोटोवाल्यानंच सांगितलं होतं, हलू नका म्हणून.

"आई, खेळत होता हो तो," सूनबाई म्हणाली. ते काय मला कळत नव्हतं? ह्या घरात एकटीनं दिवस काढायचे, आणि बारा दिवस माणसं आली की... जाऊ दे.

पण हिसकला कशाला? मळेल म्हणून? त्याच रुमालानं हे घाम पुसायचे, त्यातच भाकरी बांधून न्यायचे. वास जाईल म्हणून? वास कधीच गेला, आता नुसत्या डांबरगोळ्या. पंचेचाळीस वर्षं हा माणूस ह्या घरात बोलला, भांडला, अंगणात येरझाऱ्या घातल्या, आणि नातवापर्यंत पोचला तो गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. पोचवायला दुसरं होतं तरी कोण? फोनवर मी विचारते काय, तर जेवलास का, थंडी आहे का.

संध्याकाळी मीच रुमाल घेऊन त्याच्याकडं गेले. गुडघ्यावर बसवून बांधून दिला. ह्यांच्यासारखा पीळ मला कुठला येतो, दोनदा सुटला. म्हटलं, बाळा, आजोबा लई हलायचे. चहा बशीत ओतायचे आणि फुर्रर्र करून प्यायचे, मी रोज रागवायचे.

त्यानं दूध बशीत मागितलं. असा फुर्रर्र केला की सूनबाई आतून धावत आली.

रुमालाच्या टोकाला दुधाचा डाग पडलाय. सकाळी धुवायला टाकावा का नको, ठरंना.