नोंद ११ : कोबी सापडला

रविवारी रात्री शेजारच्या काकांनी वाइनचा तिसरा ग्लास नाकाशी नेला, लगेच खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, यात कोणीतरी झाकण ठेवून कोबी शिजवलाय." पाच महिने ज्याला मी नुसतं 'तो वास' म्हणत होतो, त्याला ओल्ड मंकशिवाय काहीही न पिणाऱ्या माणसाने एका हुंगण्यात नाव दिलं.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच : हजार रुपयांच्या आतल्या व्हाइट आणि रोझे (गुलाबी) वाइन, लेबलं झाकून, आमची सहा नाकं. दुसऱ्या फेरीत पहिली आलेली रोझे पाचव्या फेरीत शेवटची आली. लेबल तेच, वर्ष तेच. तिथून माझी झोप उडाली होती.

पहिला संशय कॉर्कवर, म्हणजे खराब बुचामुळे वाइन बिघडण्यावर. पण बाटलीला स्क्रू कॅप, त्यामुळे तो पाच मिनिटांत निकालात निघाला. दुसरा उन्हाळ्यावर. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बंद शटरमागे बाटल्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. पण उष्णतेने बिघडलेल्या वाइनला शिजलेल्या फळाचा, मुरंब्यासारखा वास येतो, आणि इथे फळच गायब होतं.

तिसरा संशय रिडक्शनचा, म्हणजे गंधकाच्या संयुगांचा. त्यावर जुना उपाय तांबं. घरात शुद्ध तांब्याची, हाताशी असलेली वस्तू एकच : देवघरातली पळी. ती स्वच्छ धुऊन ग्लासात दोन मिनिटं ढवळली. (हा ग्लास फक्त हुंगायचा. आंबट वाइनमध्ये तांबं उतरतं, पिऊ नका.) वास निम्मा गेला, निम्मा तसाच. यातच मी तीन आठवडे अडकलो. थायॉल जातीची संयुगं तांबं धरून ठेवतं, पण दोन थायॉल जोडून डायसल्फाइड झालं की तांब्याचं काही चालत नाही. म्हणजे दोन्ही हजर होती. ती आली कुठून, हे मात्र कळेना. एक फायदा झाला. चिंचेतलं टार्टारिक आम्ल वाइनमध्येही असतंच, त्यामुळे पळी लख्ख निघाली. "आज पळी कुणी घासली रे?" आईने विचारलं. मी गप्प.

'कोबी' शब्द मिळाल्यावर जुन्या नोंदी काढल्या. दुसऱ्या फेरीची बाटली दुकान 'क'मधली होती. तिथला पोरगा माळ्यावरच्या खोक्यातून बाटली काढून वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. पाचव्या फेरीची दुकान 'ख'मधली : काचेच्या दाराचा फ्रीज, वरचा कप्पा, बाटल्यांपासून वीतभर अंतरावर रात्रंदिवस जळणारी ट्यूब. नोंद ६ मध्ये याच फ्रीजचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं. ते शब्द मागे घेतो.

प्रकार असा आहे. वाइनमध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे आपलं बी-टू जीवनसत्त्व. ते ३७० आणि ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतं आणि मेथिओनीन या अमिनो आम्लाची मोडतोड घडवतं. त्यातून निघतात मिथेनथायॉल आणि डायमिथाइल डायसल्फाइड. हाच तो कोबी. रेडला तिची टॅनिनं बरंच सांभाळतात. व्हाइट आणि रोझे उघड्यावर पडतात, आणि रंग दिसावा म्हणून रोझे भरतात नेमकी पारदर्शक काचेत. तपकिरी काच सर्वांत सुरक्षित, हिरवी बरी. 'क्रिस्टल' शॅम्पेन १८७६ साली रशियाच्या झारसाठी पारदर्शक बाटलीत भरली गेली, आणि आजही ती पिवळट सेलोफेनमध्ये गुंडाळूनच विकतात. आपल्याकडचे दुकानदार लाजेकाजेस्तव वर्तमानपत्र गुंडाळतात, पण काम तेच होतं.

त्यानंतरच्या शनिवारी परत 'ख'मध्ये गेलो. (तसं आपल्या वाइन शॉपमध्ये वाइन मागितली की अजूनही लोक वळून बघतात.) एक बाटली फ्रीजच्या पुढच्या रांगेतली आणि एक न फोडलेल्या खोक्यातली घेतली. बॅच नंबर एकच. मालक म्हणाले, "साहेब, थंड सोडून गरम कशाला नेता?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही १२ अंशांवर आणल्या आणि त्रिकोणी चाचणी घेतली : तीन ग्लास, दोन सारखे, वेगळा ओळखायचा. सहापैकी पाच जणांनी ओळखला. नुसत्या अंदाजाने पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी. चुकलेला एकमेव मी! आयएसओ ग्लास (चव चाखण्याचे प्रमाणित छोटे ग्लास) मात्र पैसे वसूल करतात. मोठ्या फुगीर ग्लासात हा वास इतका नेमका पकडता आला नव्हता, आणि त्या ग्लासांच्या किमतीत आणखी दोन बाटल्या येतात.

आता वाईट बातमी. पाचही फेऱ्यांची क्रमवारी संशयास्पद झाली आहे. तळाच्या चारपैकी तीन बाटल्या पारदर्शक होत्या. हिरव्या बाटलीतली शेनिन ब्लाँ (एक व्हाइट वाइन) दर वेळी वर येते ती चवीने की काचेने, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही. यादी तूर्त रद्द. त्या यादीवरून ज्यांनी खरेदी केली त्यांनी मला बोलून घ्यावं.

शिवाय एका बाजूला एकच बाटली होती, त्यामुळे बाटलीगणिक फरकाची शंका उरतेच. म्हणून एका बॅचच्या सहा बाटल्या घेणार होतो : दोन फॉइलमध्ये, दोन स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली, दोन खिडकीत. खिडकीत ऊनही तापवतं, म्हणजे दोन कारणं एकत्र आली. हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं. खिडकी बाद. त्या दोन बाटल्याही एलईडीखाली, पण वर्तमानपत्रात गुंडाळून.

आणि त्याआधी बिअर. हिरव्या बाटलीतली बिअर अर्धा तास उन्हात ठेवली की हॉप्समधून वेगळाच उग्र वास सुटतो. तो कोबी नाही, पण कारण प्रकाशच. खर्च कमी आणि नाकाला सराव. उरलेली अर्धी वाइन काकांनी घरी नेली नाही, ओल्ड मंक मात्र स्वतःची घेऊन आले होते.