भिगवणच्या पाण्यावर सी अँकर लावून गळ : एक दिवस, आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकायला जाणाऱ्या पुणेकरांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: उन्हं चढली की वारा सुटतो, होडी पळायला लागते आणि आमिष तळाला टेकतच नाही. साधा नांगर टाकला तर होडी एका जागी खिळते आणि मासा असतो भलतीकडेच. होडी वाहती ठेवायची, पण सावकाश, यासाठी सी अँकर, म्हणजे दोराने होडीला बांधून पाण्यात सोडायचं कापडी नरसाळं. फेब्रुवारीत आम्ही तिघं तो घेऊन भिगवणला गेलो.

खडकवासला-पानशेत सोडून शंभर किलोमीटर लांब का, तर तिकडे डोंगरांमुळे वारा गिरक्या घेतो आणि होडी कुठे वाहत जाईल याचा भरवसा नसतो. उजनीचं पाणी मोकळं आहे. पहाटे हडपसर सोडलं, पाटसचा टोल ओलांडून उजाडायच्या आत भिगवण. होडी आधीच ठरवलेली होती. जलाशयातली मासेमारी परवान्यावर चालते, त्यामुळे परवाना असलेल्या स्थानिक मच्छीमाराच्याच होडीतून जावं. पाण्याखाली काय आहे हेही त्यालाच ठाऊक असतं.

आमचा अँकर विकतचा नाही. रविवार पेठेतून जाड ताडपत्रीचं कापड घेतलं आणि बॅगा शिवणाऱ्याकडून नरसाळ्याच्या आकारात शिवून घेतलं. तोंड दोन फूट, लांबी अडीच फूट, शेपटाला चार इंचांचं भोक. हे भोक ठेवायचंच. त्यातून पाणी निघत राहिलं की कापड फुगलेलं आणि सरळ राहतं, भोक नसेल तर ते डावीउजवीकडे हेलकावत बसतं. तोंडाच्या कडेला चार आयलेट, त्यांतून चार सारख्या लांबीच्या दोऱ्या, त्या एका फिरकीच्या कडीत आणि कडीला मुख्य दोर. चारांतली एक दोरी जरी आखूड राहिली तरी अख्खं प्रकरण गोल फिरतं. तोंडाच्या वरच्या कडेला थर्माकोलचा तुकडा, खालच्या कडेला थोडं शिसं. मुख्य दोर नायलॉनचा घ्या, तो झटका खातो आणि पाण्यात बुडतो. बाजारातली प्लास्टिकची स्वस्त दोरी तरंगते आणि पहिल्यांदा इंजिनाच्या पंख्यात जाते.

मोठा शिवायचा मोह होतो, तो आवरा. तोंडाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि ओढही तितकीच वाढते. चौदा-पंधरा फुटी फायबरच्या होडीला दोन-अडीच फूट पुष्कळ झालं.

होडीवाले मामा हे सगळं बघत विडी ओढत होते. शेवटी म्हणाले, “पाण्यात छत्री उघडताय व्हय, साहेब?” मित्र म्हणाला, “तसंच समजा मामा. फक्त इंजिन बंद ठेवा.” मामांनी ठेवलं, पण चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही.

नऊच्या सुमाराला पाण्यावर बारीक लाटा उठल्या. इंजिन बंद केलं, होडी वाऱ्याला आडवी होऊ दिली आणि वारा येतो त्या बाजूच्या मधोमध दोर बांधून अँकर सोडला. साताठ मीटर दोर गेल्यावर कापड उघडलं, दोर ताठ झाला आणि होडी जरा कण्हल्यासारखी थबकली. फोनवरच्या जीपीएसमध्ये आधी ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास दिसणारा वेग एकच्या खाली आला. वाऱ्यासोबत वरचं पाणीही सरकत असतं. अँकर हातभर तरी खाली राहिला तर तिथल्या संथ पाण्यात त्याची पकड चांगली बसते.

बांधायची जागा पुढेमागे केली की होडीचा कोन बदलतो. दोर नाकाकडे सरकवा, नाक वाऱ्याकडे वळतं. लाटा वाढल्या तर सरळ नाकालाच बांधायचा. मागे, इंजिनाच्या बाजूला, कधीही नाही. तिथली कड बुटकी असते, पाणी आत येतं. आणि गाठ सरकफासाची, एका ओढीत सुटणारी.

तळावरच्या शिंगट्यासाठी गांडूळ लावून दोन गळ वारा येतो त्या बाजूला, होडीच्या दोन टोकांना सोडले. त्या बाजूला सोडलेला गळ होडीमागून तळावर ओढला जातो, उलट बाजूला सोडला तर होडी त्याच्यावरूनच जाते. गोम अशी की अँकरचा दोरही त्याच बाजूला असतो. मित्राच्या गळाला लागलेला एक बऱ्यापैकी शिंगटा थेट दोराकडे गेला, दोन वेढे घेतले आणि सुटला. त्यानंतर मासा लागला रे लागला की मामाच अँकर वर घ्यायला लागले. त्यासाठी शेपटाला वेगळी बारीक दोरी हवी. ती ओढली की नरसाळं उलटं होऊन रिकामं होतं आणि लहान पोरालाही ओढता येतं. तोंडाकडून ओढाल तर पाण्यासकट ओढाल, आणि तिघंही एका कडेला वाकलात की होडी कलंडायला वेळ लागत नाही.

दुपारपर्यंत चार शिंगटे आणि एक वाम मिळाली. फार नाही, पण त्या वाऱ्यात अँकर नसता तर आम्ही नुसती होडीची सैर करून आलो असतो.

आता अडथळे. उजनीत जाळी जागोजागी असतात, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप काठापासून आत येतात, जलपर्णी असते. वाहत जायच्या वाटेवर पुढे काय आहे ते आधी बघा, मगच सोडा. या धरणाचा मृतसाठाच, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खालचं पाणी, जवळपास ६३ टीएमसी आहे, उन्हाळ्यात पाणी ‘उणे’मध्ये जातं आणि पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जुन्या भिंती आणि झाडांची खोडं वरच्या पाण्यात येतात, कापड फाटायला तेवढं पुरे. हिवाळा बरा. फक्त रोहित पक्षी बसतात त्या उथळ भागात होडी घालू नका.

सी अँकर लावला म्हणजे वादळात निभावेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा मासेमारीचा अँकर आहे, एवढ्याशा कापडाचा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर थांबायचंच नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे.

इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही दोऱ्या आत आल्याची खात्री करा. ती आमच्यात मामा करत होते, मोठ्यांदा “आली का?” विचारून. घरी आल्यावर अँकर धुऊन, जलपर्णीचे तुकडे काढून, कडकडीत वाळवा. तीच ताडपत्री पुढच्या आठवड्यात दुसऱ्या धरणात नेणार असाल तर हे विसरून चालणार नाही, कारण जलपर्णी एका तुकड्यावरूनही पसरते.