पाकीट घेतलं तर काय बिघडलं?

मतासाठी वाटलेलं पैशांचं पाकीट मी का घेत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडईत, बँकेच्या रांगेत, भिशीला, कुठेही सांगली महापालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "काकू, पाकीट घेतलं तर काय बिघडलं? आपलेच पैसे आहेत. घ्यायचे आणि मत आपल्या मनानं द्यायचं."

पूर्वी मी कायदा सांगायची. मतासाठी पैसे देणं गुन्हा आहे, तसंच घेणंही. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे. आता मी आमच्या गटारीचं सांगते.

सांगलीत गटार ही बारीक गोष्ट नाही. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा महापूर पाहिलेली माणसं आहोत आम्ही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. नदी दारात यायच्या आधी पाणी गटारीतून उलटं वर येतं. आमच्या गल्लीतली गटार नवीन झाली, पण मध्येच थांबली. म्हणून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, नक्कल मागितली. त्यात लांबी १४० मीटर, बिल पूर्ण अदा. शेजारचा बारावीतला मुलगा टेपचं एक टोक धरून उभा राहिला आणि आम्ही मोजत गेलो. ९६ मीटरला काँक्रीट संपलं. पुढे नुसता मातीचा चर, त्यात साचलेलं काळं पाणी.

तक्रार अर्ज लिहिला आणि सह्या घ्यायला निघाले. त्या चराच्या अगदी समोरचं घर. तीस वर्षांची ओळख, डासांनी सगळ्यात जास्त बेजार तीच. तिनं अर्ज नीट वाचला, पेन हातात घेतलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"काकू, राग मानू नका. आम्ही पाकीट घेतलंय नगरसेवकाकडून, घरातल्या चारी मतांचं. आता सही कशी करू? बरं दिसत नाही."

मला तिचा राग आला नाही, पोटात तुटलं. खोटी बाई असती तर सही करून मोकळी झाली असती. खाल्ल्या मिठाला जागायचं, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं. मत तिनं कुणाला दिलं ते तिचं तिला ठाऊक. वाटणाऱ्यालाही मताची खात्री कुठं असते? एकाच घरात दोन-तीन बाजूंची पाकिटं येतात, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत. पण जाब विचारायची वेळ आली की माणसाची जीभ उचलत नाही, त्यावर त्याची पाच वर्षं निघतात. आणि मीठ तरी त्याचं कुठं होतं? ते न बांधलेल्या त्या ४४ मीटरच्या बिलामधलंच असणार, असं मला अजूनही वाटतं.

त्यातून विचारायचं तरी कुणाला? २०१८ च्या निवडणुकीत ७८ जागा आणि प्रभाग २०, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २०२३ मध्ये मुदत संपली आणि २०२६ च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत तर प्रशासकच कारभार बघत होते. शेजारच्या बुधगावातला माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो. शहरासाठीही अशीच मतदारांची सभा, क्षेत्रसभा, कायद्यात २००९ पासून आहे. आमच्या गल्लीत तिची नोटीस मी आजवर पाहिलेली नाही. ती मागायला हवी, आणि मागायला तोंड मोकळं हवं. म्हणून मी पाकीट घेत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस झाले. मोजणीचे तक्ते आणि कामाचे फोटोही मागितले होते, ते अजून मिळाले नाहीत. पहिलं अपील केलंय, सुनावणी येत्या मंगळवारी अकरा वाजता. टेप धरणारा मुलगा येतो म्हणालाय. समोरच्या बाईनं काल संध्याकाळी हाक मारून विचारलं, "काकू, सही करायची नाही, पण नुसतं बरोबर आलं तर चालतं का?" म्हटलं, चल की.