तीन पंचवीसचा मेसेज

सिगारेट सोडायची ठरवली तेव्हा एका मेसेज सेवेत नाव नोंदवलं होतं. रोज सकाळी दहाला मेसेज यायचा. मजकूर चांगला असायचा, पण दहाला मी कारखान्यात लाईनवर आणि मोबाईल लॉकरमध्ये. शिफ्ट साडेतीनला सुटायची. गेटबाहेर टपरी, मित्रांचा घोळका, कटिंग, की हात खिशाकडे गेलाच. सकाळचा मेसेज मी झुरके मारता मारताच वाचायचो. दोनदा सोडली, दोन्ही वेळा पाच दिवसांच्या आत पुन्हा धरली.

तिसऱ्यांदा पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ ह्या राष्ट्रीय क्विटलाईनला फोन केला. फोनवरच्या ताईंनी उपदेश केलाच नाही. म्हणाल्या, "दादा, सोडायची तारीख पुढच्या आठवड्यातली धरू. तोवर प्रत्येक सिगारेटची वेळ तेवढी लिहून ठेवा."

वही बघून मी हादरलो. दिवसाला नऊ-दहा, आणि त्यातल्या बहुतेक रोज त्याच वेळेला! तलफ घड्याळ लावून यायची, आणि ती यायच्या आधी मला अडवणारं कुणीच नव्हतं.

वही बायकोला दाखवली. सोडल्या दिवसापासून ती बरोबर तीन पंचवीसला मेसेज करू लागली. लॉकर उघडला की पहिला तोच दिसायचा: "अहो, टपरीवर थांबू नका. पोहे भिजवलेत, तुम्ही आलात की फोडणी टाकते." कॅन्सरच्या फोटोंनी जे झालं नाही, ते ह्या फोडणीने झालं.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. डोकं ठणकत होतं, पोरावर उगाच ओरडलो, त्याचं आजही वाईट वाटतं. पण एकेक तलफ पाच-सात मिनिटांत ओसरते. गेटपासून बसथांब्यापर्यंत चालायला तेवढाच वेळ लागतो.

घसरलो ते चुलतभावाच्या हळदीला, रात्री अकरा वाजता. ती वेळ वहीत नव्हतीच.

पुढे ब्रिटनमधल्या २०११ च्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. ५,८०० जणांवर केलेला. सिगारेट सोडायला मदत करणारे मेसेज मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिने सिगारेटपासून दूर राहिले, बाकीच्यांत ४.९ टक्के. त्यात तलफ आली की आपण एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. आपल्याकडच्या प्रत्येक सेवेत हे हवंच, असं मला मनापासून वाटतं.

आता मी बायकोला नुसतं "तलफ" एवढंच लिहून पाठवतो. ती हातातलं काम टाकून फोन करते.